आत्या इथेच राहते

माझी आत्या आयुष्यभर ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर होती. निवृत्त झाली, पण फक्त पगारापुरती. माणसाचं पोट उघडून परत शिवलं की ती खोली अशी दिसली पाहिजे, जणू इथे काही घडलंच नाही, हा तिथला नियम. तो तिनं घरी आणला. तिच्याकडे जेवण उरकलं की बघता बघता सगळा पुरावा नष्ट होतो. कुणी जेवलं होतं हे फक्त पोटाला माहीत.

लग्न केलं नाही, दागिने केले नाहीत, रात्रपाळ्या केल्या आणि त्यातून हे घर केलं. छोटंच आहे. पण आत्या त्याला "माझं घर" म्हणत नाही, नुसतं "घर" म्हणते. बाकी सगळ्यांच्या घरांना ती "तुमच्याकडे" म्हणते. जगात घर एकच, असा एकूण सूर.

आता घरपट्टीबद्दल थोडं सांगावं लागेल. मलाही त्याचा कंटाळा होता. मी दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर बसतो आणि "अजिबात दुखणार नाही" हे वाक्य चेहरा न हलवता म्हणतो, एवढंच माझं कौशल्य. पण मला कॉम्प्युटर येतो असा खानदानात समज आहे, त्यामुळे घरातले सगळे सरकारी कागद माझ्याकडे येतात.

तर आमच्या पालिकेत घरपट्टीचे तीन दर आहेत. घरात मालक स्वतः राहत असेल तर सगळ्यात कमी. त्याला स्वनिवासाची सवलत म्हणतात. घर रिकामं ठेवलं असेल तर त्याहून बरंच जास्त. आणि भाड्यानं दिलं असेल तर सगळ्यात जास्त, कारण मग तो धंदा झाला. म्हणजे भिंती त्याच, छप्पर तेच, फक्त आत कोण झोपतं यावरून आकडा बदलतो. आत्याला ती सवलत पहिल्यापासून होती आणि ती आपोआप मिळते, जन्मभर टिकते, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. यंदा पालिकेनं सगळ्या घरांचं मूल्यांकन नव्यानं करायला घेतलं आणि कळवलं की सवलत घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी माणूस येऊन बघून जाईल.

"घरी माणूस येणार" एवढंच आत्यानं वाचलं. पुढचं वाचायची तिला गरज वाटली नाही. तिनं पदर खोचला.

साहेब आले तेव्हा मी तिथे होतो, कारण उंचावरची जळमटं काढायला तिला लांब हाताचा भाचा लागतो. साहेब उंच होते, थोडे वाकून चालायचे आणि त्यांना सर्दी झाली होती. हातात मोजायची फीत. आत्यानं मनातल्या मनात त्यांना लगेच फीतवाले करून टाकलं.

"आजी, घर तुमचंच का?"

"सिस्टर म्हणा. आजी व्हायला आधी बरंच काही करावं लागतं, ते मी केलेलं नाही."

फीतवाले साहेबांनी शिंक दाबली आणि आत आले. मी त्यांच्या मागून चालत होतो आणि पहिल्यांदाच ते घर परक्याच्या डोळ्यांनी बघत होतो. पलंगावर चादर इतकी ताणलेली की नाणं टाकलं तर उडेल. उशी नाही, उशी कपाटात. खुर्च्यांवर पांढरे अभ्रे. दारात एकही चप्पल नाही. मोरीत टूथब्रश नाही. फ्रिज रिकामा करून, पुसून, वारा लागावा म्हणून उघडा ठेवलेला. कचऱ्याचा डबा धुऊन उन्हात पालथा. साहेबांना पाणी विचारलं, चहा विचारला नाही, कारण ओटा नुकताच पुसला होता.

साहेबांनी इकडेतिकडे फीत लावली, शेवटी पुढच्या खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "कमाल आहे. इथे कुणी राहतं असं वाटतच नाही."

आत्या चक्क लाजली. तिला मी त्याआधी लाजताना पाहिलं नव्हतं. "छे हो," ती म्हणाली, "आज तर घाईत आवरलंय."

साहेब गेले. आत्या दिवसभर खुशीत होती.

मग नोटीस आली.

"सदर मालमत्तेची प्रत्यक्ष पाहणी केली असता मालकाचे वास्तव्य असल्याच्या कोणत्याही खुणा आढळून आल्या नाहीत. सबब स्वनिवासाची सवलत रद्द करण्यात येत आहे."

"खुणा म्हणजे काय रे?" आत्यानं विचारलं. "डाग?"

"साधारण तसंच."

"म्हणजे माझ्या घरात डाग नाहीत म्हणून मला दंड?"

"दंड नाही गं. फक्त कर वाढला. रिकाम्या घराचा दर लागला."

"रिकामं? आणि मी कोण? भूत?"

"पालिकेच्या हिशेबी, हो."

तिनं नोटिशीची घडी घातली, मग ती घडी बरोबर बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली. तिच्या पेन्शनमध्ये तो वाढीव कर बसत नव्हता. औषधं कमी केली तर बसत होता, पण ती औषधं आत्या स्वतःला स्वतः देते आणि सिस्टर असल्यामुळे डोस चुकवत नाही.

त्याच रविवारी बाबा आले. बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. साठी ओलांडली, केस गेले, पोट आलं, तरी आत्या त्यांना छोट्या म्हणते. त्यांनी नोटीस वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी आली. आणि काळजीच्या मागून, दारामागून पोरानं डोकावावं तसा, थोडासा आनंदही डोकावला. तो त्यांनी लगेच आत ढकलला, पण मला दिसला.

"ताई, मी काय म्हणतो. भाड्यानं देऊन टाक हे. भाड्यातून कर निघेल, वर चार पैसे उरतील. तू आमच्याकडे ये. तुझी खोली काढून ठेवलीय."

ती खोली मला माहीत होती. तिच्यात इस्त्रीचं टेबल आहे आणि एक व्यायामाची सायकल आहे, जिच्यावर फक्त ओले टॉवेल व्यायाम करतात.

"मी बरी आहे इथे," आत्या म्हणाली.

"एकटी पडलीस तर? पाय घसरला तर? कळायला नको आम्हाला? मी वाईट सांगतोय का?"

"नाही रे छोट्या. तू वाईट कधी सांगतच नाहीस. म्हणून तर नाही म्हणायला त्रास होतो."

बाबा गेल्यावर ती मला म्हणाली, "तुझ्या बापाचं खरं आहे. पण मला त्या सायकलीशेजारी मरायचं नाहीये. काय करायचं ते बघ."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून अर्धी सुट्टी काढून मी तिला पालिकेत नेलं. कर विभागाच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. समोर नोटीस सरकवली तेव्हा त्या शेंगदाणे खात होत्या. वाचता वाचता खाणं थांबलं.

"मुदतीत आलात, हे बरं केलंत," त्या म्हणाल्या. "हरकत नोंदवा. मुदत संपली असती तर मग देवालाही वाढीव कर भरायला खालच्या मजल्यावर पाठवलं असतं आम्ही. लाइटचं बिल आणलंय?"

आणलं होतं. बाईंनी ते वाचलं, उलटं करून मागची बाजू वाचली, मग चष्मा काढला.

"एवढ्या विजेत माणूस राहत नाही हो. पाल राहते."

"मी दिवे वेळेवर बंद करते," आत्या म्हणाली.

"पाण्याचंही बघितलं. झाड तरी आहे का घरात?"

"झाडाची पानं गळतात."

बाईंनी आत्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, त्यांना एकूण प्रकरण तेव्हाच कळलं. त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवलेला सवलतींचा तक्ता आमच्याकडे फिरवला. माजी सैनिक, दिव्यांग, विधवा, गच्चीवर सौरऊर्जा बसवलेले, पावसाचं पाणी जिरवणारे.

"अविवाहितांसाठी काही नाही का?" मी विचारलं.

"त्यांना आयुष्यात आधीच बरीच सवलत मिळालेली असते," बाई लग्न झालेल्या आवाजात म्हणाल्या. "ज्येष्ठ नागरिकांची आहे, ती बसेल तुम्हाला. पण तिलाही अट तीच. घरात स्वतः राहायला पाहिजे. सगळ्या सवलती त्या एकाच खुंटीला टांगल्यात. खुंटी पडली की सगळं खाली."

"पण घर माझं आहे. सात पिढ्यांत कुणी दिलेलं नाही. माझ्या पगाराचं आहे."

"सिस्टर, घर तुमचं आहे हे कागदावर दिसतं. त्यात वाद नाही. पण सवलत मालकीची नाही, राहण्याची आहे. आणि राहणं कागदावर दिसत नाही, जाऊन बघावं लागतं. तेच साहेब पुन्हा येतील." मग त्या पुढे वाकल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "जरा पसारा करा हो."

आत्या खिडकीपासून अशी मागे झाली, जणू बाईंनी काही अचकटविचकट सुचवलं.

घरी आल्यावर मी तालीम घ्यायला बसलो. "आत्या, हे वर्तमानपत्र. वाच आणि टाक."

तिनं वाचलं आणि टाकलं. टाकलं ते टेबलाच्या कडेला बरोबर समांतर.

"असं टाकतात? टाक म्हणजे फेक."

"फेकून काय होतं?"

"माणूस राहतो असं वाटतं."

"माणूस राहतो की माकड?"

मी खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल टाकला. तिचा हात आपोआप पुढे आला. मी तो धरला. दोघं त्या टॉवेलकडे बघत उभे राहिलो. मग मी ताटलीत एक अर्धं खाल्लेलं बिस्किट ठेवलं आणि तिनं ते झटकन उचललं.

"हे नको. बाकी काय हवं ते कर. अर्धं बिस्किट नको."

"का गं?"

ती पलंगाच्या कडेवर बसली, चादरीला सुरकुती पडली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"ऑपरेशनच्या टेबलावर माणूस गेला की त्याचं सामान पिशवीत भरून नातेवाइकांना द्यायचं काम माझ्याकडे असायचं. चष्मा, एखादा कंगवा, बिस्किटाचा अर्धा पुडा. डॉक्टर बाहेर येऊन सांगायचे तेव्हा लोक उभे असायचे. ऐकायचे, मान हलवायचे. मी पिशवी दिली की मग बसायचे खाली. माणूस गेला हे त्यांना डॉक्टरांकडून कळायचं नाही रे. त्या अर्ध्या पुड्याकडून कळायचं. तेव्हाच ठरवलं मी. माझं असं काही मागे ठेवणार नाही. छोट्यानं कुलूप काढून आत यावं, किल्ली टेबलावर असावी, बस्स. त्याला काही आवरायला लागू नये."

म्हणजे फीतवाले साहेबांनी लिहिलं होतं ते तसं खोटं नव्हतं. आत्या त्या घरात राहत होती, पण रोज निघायच्या तयारीनं राहत होती.

मी तिच्या हातातलं अर्धं बिस्किट घेतलं आणि खाल्लं.

"हे मागे राहणार नाही," मी म्हणालो. "आणि पुढचीही नाही राहणार. तेवढी जबाबदारी मी घेतो."

तिनं मला त्या समांतर वर्तमानपत्रानं मारलं. आणि हसली, नाक पुसत.

पाहणीच्या दिवशी मी सकाळीच पोचलो, आणि इथे माझा उत्साह जरा नडला. एकट्या म्हातारीच्या खुणा अशा किती असणार, असं वाटून मी घरून भर घालायला सामान आणलं होतं. माझ्या चपला, आईच्या चपला, बाबांचे जुने बूट दारात पसरले. मोरीत माझं दाढीचं सामान मांडलं. दोरीवर माझी बनियनं लावली. आत्या हे सगळं पाठ फिरवून उभी राहून सहन करत होती. बाबाही आले, त्यांना बोलावलं नव्हतं. "मी आपला असाच," म्हणाले.

फीतवाले साहेबांनी दारातच चपला बघितल्या. वाकून मापंही बघितली असावीत. मग मोरी बघितली.

"हे दाढीचं सामान कुणाचं?"

"माझं नाही," आत्या म्हणाली.

"माझं," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्ही इथे राहता?"

"नाही... म्हणजे अधूनमधून."

"आणि बूट?"

"माझे," बाबा म्हणाले. "पण ते इथे कसे आले, हे मलाही आत्ताच कळतंय."

साहेबांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. त्यांची सर्दी अजून गेली नव्हती, त्यामुळे त्यांचा संशयही जरा दमलेला वाटत होता. "सिस्टर, मागच्या वेळी घर रिकामं होतं. आज दोन पुरुष राहतायत. भाडं घेता का यांच्याकडून?"

"याच्याकडून?" आत्यानं माझ्याकडे बोट केलं. "हा स्वतःचा कप उचलत नाही, भाडं कुठून देणार?"

"म्हणजे मागता, पण देत नाही?"

रिकाम्याच्या दरातून बाहेर काढता काढता मी आत्याला भाड्याच्या दरात नेऊन बसवलं होतं. पालिकेत त्याच्यावर दर नाही.

आत्या काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांचा आवाज यायला लागला. ती चहा टाकत होती. ओटा पुसलेला असूनही.

"मागची एक खोली गेल्या वेळी मोजायची राहिली होती," साहेब म्हणाले. बाबा पुढे झाले. "या, दाखवतो." दोघं आत गेले. दारामागची भिंत मोजायची म्हणून बाबांनी दार लोटलं, आणि ते धाडकन बसलं.

मग आतून कडी खडखडली. मग दार हललं, उघडलं नाही. मग बाबांचा खांदा दाराला लागल्याचा आवाज आला, आणि लगेच बाबांच्या खांद्याचं मत.

"अरे, बाहेरून ढकल!"

मी ढकललं. मग ओढलं. मग दोन्ही एकदम करून बघितलं. ते दार लाकडाचं होतं पण वागणं भिंतीचं होतं. मी आत्याला हाक मारायला वळणार, तेवढ्यात आतून साहेबांचा आवाज आला, हळू, सर्दीतला.

"आता अडकलोच आहोत तर विचारतो. मला जे दिसलं त्यावरून माझा अहवाल मघाशीच झालाय. पण तुम्ही भाऊ ना त्यांचे? खरं सांगा. राहतात का बाई इथे?"

बाबांनी आतून कडी एकदा हलवून सोडल्याचा आवाज आला.

मी दाराला कान लावून उभा होतो. बाबांना काय हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. एक वाक्य पुरे होतं. "तशी ती आमच्याकडेच असते" एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. खोटंही वाटलं नसतं त्यांना. कारण मनातल्या मनात त्यांनी तिला कधीच घरी नेलं होतं. मागे काही सरकलं म्हणून मी वळून बघितलं. आत्या हातात चहाची गाळणी घेऊन उभी होती. तिनंही ऐकलं होतं. गाळणीतून थेंब फरशीवर पडत होते आणि ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"राहते," बाबा म्हणाले.

मग घसा खाकरला. "दोन वर्षांपूर्वी ताप आला होता तिला, चांगला फणफणून. मी हाताला धरून आमच्याकडे नेली. पहाटे उठून बघतो तर पलंग रिकामा. अंगात ताप, तशी गाडी करून परत आलेली. मी चिडून इथे आलो, तर ही शांत झोपलेली. आमच्याकडे तिला तशी झोप लागतच नाही हो. आमच्याकडे ती खुर्चीत बसते ना, तर पाठ टेकत नाही. पाहुण्यासारखी बसते. माझ्या घरात. मी तिचा भाऊ." थोडं थांबून म्हणाले, "मला ती आमच्याकडे हवीय. खोटं कशाला बोलू. पण तुम्ही विचारलंत कुठे राहते, तर ती इथेच राहते."

आतून साहेबांनी नाक शिंकरलं. सर्दीनंच असावं.

आत्यानं गाळणी माझ्या हातात दिली आणि दाराजवळ गेली.

"छोट्या."

आतून बाबा दाराजवळ सरकल्याचा आवाज आला.

"ढकलू नकोस. ढकललं की ते रुसतं. आधी स्वतःकडे ओढ, घट्ट बसेपर्यंत. ओढलंस?"

"ओढलं."

"आता कडी धरून दार अख्खं वर उचल. गुडघा लाव खालच्या कोपऱ्याला. तिथे नाही, आणखी खाली. उचललंस?"

"हो."

"आता तसाच थांब. लगेच सोडायचं नाही. त्याला जरा उतरू दे." तिनं तळहात दारावर ठेवला होता, नाडी बघावी तसा. "हां. आता सोड."

दार कुरकुरलं आणि स्वतःहून उघडलं, जसं काही सगळी त्याचीच कल्पना होती. आत बाबा एक गुडघा टेकून होते. साहेब भिंतीला फीत धरून तसेच.

साहेब बाहेर आले, वळले आणि दार नीट न्याहाळलं. "किती वर्षं असंच आहे हे?"

"घर झालं तेव्हापासून."

"दुरुस्त का नाही केलं?"

"सुतार आला की भुसा पडतो."

साहेबांनी आपली वही काढली, खिडकीच्या कठड्यावर टेकवली आणि मघाशी लिहिलेलं खोडलं. लिहिता लिहिता बोलत होते, आमच्याशी की स्वतःशी कोण जाणे. "मी रोज लोकांच्या घरात जातो. भाडेकरू असता ना, तर हे दार एक महिना चालवून घेतलं नसतं. मालकाच्या नावानं शंख केला असता, भाडं कापलं असतं. आणि घर रिकामं असतं तर याला कसं उघडायचं हे कुणाला माहीत असतं? असलं दार फक्त स्वतःच्या घरात सोसतात." त्यांनी मान वर केली. "मालक स्वतः राहतात, असं लिहिलंय. ज्येष्ठांच्या सवलतीचा अर्ज वेगळा करावा लागतो, तो केलाय का?"

"नाही," मी म्हणालो.

"करा. आपण होऊन कुणी देत नाही. आणि..." ते जरा घुटमळले, "ती बनियनं काढा दोरीवरून."

"साहेब, दार करून घेऊ का आता?" आत्यानं विचारलं.

"पुढच्या मूल्यांकनापर्यंत तरी नका करू."

त्यांनी चहा घेतला, बशीत ओतून, दोनदा. त्यांचा कप तिथेच कठड्यावर राहिला आणि ते गेले.

बाबा मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभेच होते. आत्या त्यांच्यासमोर जाऊन थांबली. आमच्या घरात कुणी कुणाला मिठी वगैरे मारत नाही. तसं करायला कुठून सुरुवात करायची हे कुणाला माहीत नाही. आत्यानं त्यांच्या शर्टाच्या खांद्यावर लागलेला चुना झटकला. मग नसलेलाही झटकला.

"दुखतोय का खांदा?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस."

"ताई, ते परत दाखव ना. दाराचं."

"कशाला?"

"मला यायला पाहिजे ते. मी येऊन राहीन अधूनमधून. आणि मी आत असताना तू बाजारात गेलेली असलीस, तर काय करू? बोंबलत बसू?"

आत्यानं त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं ती म्हणेल, कशाला उगाच, तुमच्याकडे गैरसोय होईल, वगैरे. ती म्हणाली, "जा आत."

बाबा आत गेले. दार धाडकन बसलं.

मी कप गोळा करायला लागलो. कपाबद्दलची टीका मला लागली होती. मागून दोघांचे आवाज येत होते. आत्यानं खुर्ची ओढून दाराशी नेली होती आणि अगदी ऐसपैस बसली होती.

"ओढलं, ताई."

"मग उचल."

"उचललं. सोडू?"

"घाई काय आहे? उतरू दे त्याला."

"किती वेळ?"

"ते दार ठरवतं, छोट्या. तू फक्त धरून ठेव."

"...ताई?"

"हं."

"तू जाऊ नकोस हां कुठे."

"इथेच आहे रे," आत्या म्हणाली.